एलोयचा डावा पाय

साखरेच्या पुडीवर तो होता — बोटाएवढा, निळ्या जर्सीतला, डावा पाय थेट कानापर्यंत उचललेला आणि पायाला लागून थबकलेला चेंडू. तोंड म्हणजे नुसता ठिपका. लेआंद्रोनं पुडी उलटी केली, तर मागे त्याचं स्वतःचंच नाव, आजची तारीख, आणि संध्याकाळी सहाला हँडबॉलच्या हॉलला तेच नाव द्यायचं म्हणून सगळ्या गावाला आमंत्रण.

"बघतोस काय, फाड की!" कॉफी सरकवत तासिओ म्हणाला. बारचा मालक, शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे तोंडाला लगाम नाही. "स्वतःलाच कॉफीत ढवळायला नशीब लागतं, लेका!"

लेआंद्रो हसला. हसायची सवयच लागली होती. चौदा वर्षं गावच्या संघाचा गोलकीपर, हजारो चेंडू अंगावर घेतले, मांड्या काळ्यानिळ्या, करंगळी कायमची वाकडी... ते कुणाच्या खिजगणतीत नाही. गावाला आठवते ती एकच फेक. चौऱ्याऐंशीचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट, आपण एका गोलनं पुढे, आणि सात मीटरवरून पेनल्टी फेकणाऱ्यासमोर एकटा गोलकीपर — आणि तेव्हाच मला बाहेर बोलावलं होतं. हो, मला! त्या एका फेकीपुरता राखीव गोलकीपर आत जायचा, आमची नेहमीची रीत. एलोय गेला. एलोयनं पाय उचलला. एलोय बाहेर आला, उरलेले वीस सेकंद मी उभा राहिलो, आणि शिट्टी वाजल्यावर लोकांनी खांद्यावर घेतलं ते मला. दोघांची जर्सी निळीच.

दुसऱ्या दिवशी पेपरात धूसर फोटो, खाली माझं नाव. "जाऊ दे रे, कप तर आपलाच ना!" असं एलोयच म्हणाला. मी जाऊ दिलं. आधी गप्प बसलो, मग मान डोलवायला लागलो, मग — लाज वाटायला हवी होती, नाही वाटली — पाय कसा उचलला तेही रंगवून सांगायला लागलो. आता आठवायला गेलं की बाकावरून दिसलेलं काहीच दिसत नाही... चेंडू सरळ माझ्यावरच येतो आणि माझीच नडगी झिणझिणते.

दार ढकलून ओबदुलिया आली. एलोयची बायको. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी अंगात काळाच कोट.

"लेआंद्रो, एक मागू? संध्याकाळी बोलशील तेव्हा त्याचं नाव घे एकदा. तुझा राखीव म्हणून बाकावर बसायचा, एवढंच म्हण. नातवंडं येणारेत."

एवढंच! लेआंद्रोनं साखरेची पुडी खाली ठेवली.

"ओबदुलिया... तो चेंडू एलोयनं अडवला. मी नाही."

बारमधल्या माना वळल्या. ओबदुलियाचे डोळे भरून आले आणि तिनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"किती चांगला आहेस रे! माझ्यासाठी एवढं खोटं बोलायला निघालास? अरे, त्यानंच शंभरदा सांगितलंय मला — लेआंद्रोसारखा पाय या गावात पुन्हा व्हायचा नाही."

"ऐकलंत? याला म्हणतात मोठा माणूस!" तासिओ ओरडला आणि टाळ्या पडल्या.

आणखी एकच वाक्य लागत होतं — नाही ओबदुलिया, खरंच — आणि ते अगदी ओठांवर आलं होतं. तिनं त्याचा हात धरून ठेवला होता, वाट बघत असल्यासारखा. आणि लेआंद्रोला कळलं की आपल्याला हायसं वाटलंय, अगदी मनापासून हायसं वाटलंय. ते तिला दिसू नये म्हणून त्यानं मान खाली घातली, तशा टाळ्या आणखीच वाढल्या.