जुनं माप

नोकरी सोडली तेव्हा तिच्या डोक्यात एकच वस्तू होती: थरथरणाऱ्या हातात नीट बसेल असा कप. बाबा जन्मभर शिंपीकाम केलेले. आता आईनं कप ओठांना लावायचा आणि त्यांनी प्यायचं, याची त्यांना लाज वाटे, मेल्याहून मेल्यासारखं होई. एका रविवारी तिनं त्यांची मूठ ओल्या मातीत उमटवून घेतली, बोटाबोटाचं माप टिपलं आणि शहरात परतून कामाला लागली.

स्वतःचा डिझाइनचा व्यवसाय म्हणजे सगळं आपणच. कप तिचा, बोधचिन्ह तिचं, डबा तिचा, वेबसाइट तिची. मधे पोटासाठी एका दवाखान्याच्या पाट्या, एका बेकरीची वेष्टनं. डब्याचा निळा रंग मनासारखा छापून येईना, त्यातच तीन महिने गेले. फोनवर ती विचारायची, "बाबा कसे आहेत?" आई म्हणायची, "आहेत तसेच." तिनं खोदून विचारलं नाही. ऐकायला वेळ नव्हता.

दोन वर्षांनी साच्यातून कप निघाले. पहिला घेऊन ती घरी आली.

"अगं बाई, डबाच किती देखणा!" आई म्हणाली. "कप ठेवून घे, डबा मला दे."

"धरा ना बाबा," कपात चहा ओतून ती म्हणाली.

बाबांनी कपाचा कान धरला. बोटं आत गेली आणि सैल राहिली. मूठ मिटेना. हात पार वाळला होता, करंगळी आत वळली होती. कप कलंडला, चहा सदऱ्यावर सांडला. आई फडकं आणायला धावली.

"दुसऱ्या कुणाला बसेल की," बाबा म्हणाले. "माल वाया नाही जायचा."

"तुमच्याच मापाचा आहे, बाबा."

"कधीचं माप?"

तिनं सांगितलं.

"तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक असलं, तरी जुन्या मापावर मी कापड कापलं नाही कधी. माणूस दारात आला की आधी टेप." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी सूर बदलला. "जाऊ दे गं. मी तुला शिकवलंच कुठे? तूच म्हणायचीस, शिवण नको."

ती खाली बसली. त्यांचा हात मांडीवर घेऊन तिनं तळव्याभोवती टेप गुंडाळली. मातीच्या ठशापेक्षा चौदा मिलिमीटर कमी.

"नवा साचा व्हायला किती दिवस?"

"चार महिने. निदान चार."

"मग माप आत्ता कशाला घेतेस?" बाबा हलकेच म्हणाले. "तेव्हाच घे. तोवर परत बदलेल."

हात तिच्या मांडीवर थरथरत होता, टेपेवरचे आकडे त्याच्यासोबत हलत होते. तिनं ते पुन्हा वाचले आणि एकेक बोट सरळ करत, करंगळीपर्यंत, सगळं माप लिहून घेतलं.