अलार्म बंद करणारा हात

साथ आल्यापासून ताई शेवटच्या खोलीत एकटी राहते. ती डॉक्टर आहे; वॉर्डातून आली की कपडे बादलीत, अंघोळ, मग दार बंद. झोप मात्र येत नाही. डोळे मिटले तरी कानात यंत्रं वाजत राहतात म्हणते. आणि इतकी चिडते, की आईने तिचं नाव ‘तोफ’ ठेवलंय.

बाबा दुसऱ्या हॉस्पिटलात होते. मास्कमधला ऑक्सिजन पुरेना, म्हणून दुपारी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचं ठरलं. नळी घातली की बोलता येत नाही. बाबांनी तिथल्या डॉक्टरांना ठणकावलं, “आधी आमच्या डॉक्टरीणबाईंशी बोलणार, मग काय ते करा!” म्हणून ते डॉक्टर त्याआधी व्हिडिओ कॉल लावून देणार होते.

रात्रपाळी करून आलेल्या ताईने मोबाइलवर अलार्म लावला. “नुसती पाठ टेकते.”

अलार्म वाजला आणि लगेच बंद झाला.

“उठली तोफ,” आई म्हणाली.

वॉर्डात यंत्रं सतत कोकलतात. बहुतेक वेळा ऑक्सिजन मोजणारी बोटाची क्लिप सरकलेली असते, एवढंच. पेशंटकडे बघायचं, बटण दाबायचं, पुढच्या खाटेकडे वळायचं. ताईचा हात हे झोपेतही करतो, ते त्या दिवशी कळलं.

कॉल आईच्या फोनवर आला. मी दार उघडलं, तर ताई चक्क घोरत होती.

“तोफ कुठाय?” बाबांनी विचारलं.

“झोपलीय हो. किती दिवसांनी! थांबा, उठवते.”

बाबांनी हात हलवून नको म्हटलं. तळहात गालाखाली धरला. “झोपू दे. तिला सांग... मी... नळीला हो म्हणालो.”

ताई संध्याकाळी उठली. “अलार्म वाजलाच नाही!” म्हणत धावत आली. आईने सगळं सांगितलं, तळहात गालाखाली धरून दाखवला.

“शाळेत असताना तोंडावर पाणी मारून उठवायचे मला,” ताई हसत म्हणाली. “आजच बरी दया आली!” मग भिंतीला टेकून खाली बसली.

बाबांची नळी निघालीच नाही.

आता ताई अलार्म लावत नाही. मला दाराबाहेर खुर्ची टाकून बसवते. “हाक मार. हाकेला मी नक्की उठते.”

वेळ झाली की मी तोंड उघडतो, पण त्याआधीच आतून आवाज येतो, “जागीच आहे रे.”