पहिल्या दिवशीचा केर

मला कुणी उगाच बोल लावलेला खपत नाही. आमचे हे म्हणायचे, विनया, तुझ्या नाकावर राग नुसता बसलेला नाही, त्यानं तिथं घर बांधलंय. आता हे नाहीत, मुलगी ओवी मेलबर्नला, आणि परदेशातल्या पोरिरुआ गावच्या या छोट्याशा युनिटमध्ये राग काढायला शेजारच्या चुंगबाई सोडून माणूस नाही. रुसायला, भांडायला आणि सकाळचा चहा प्यायला, सगळ्याला त्या एकट्याच.

चुंगबाई ऐंशीच्या पुढच्या. लग्न करून चीनमधल्या खेड्यातून इथे आल्या आणि नवऱ्याबरोबर जन्मभर फळांचं दुकान चालवलं. इंग्रजी अगदी इथलं, 'मस्त'ला 'स्वीट ॲज' म्हणणारं. नवरा काही वर्षांपूर्वी गेला. हॉलमधल्या फळीवर त्याचा फोटो, पुढे चहाचे इवलेसे पेले, संत्री आणि राखेच्या वाटीत खोचलेल्या उदबत्त्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. तिथून आमचं जमलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा केल्विन सिडनीला असतो. वडील गेल्यापासून चिनी नव्या वर्षाला तो एकदाही आला नव्हता. यंदा मात्र येतो म्हणाला होता. पहिल्या दिवशी दुपारी पोचायचं आणि वडिलांना उदबत्ती दाखवायची. हे मुलाचं काम, चुंगबाईंनी मला समजावलं होतं. त्या आहेत तोवर फोटोपुढे चहा ठेवतील, पण पुढे ती फळी केल्विननं आपल्या घरी न्यायची, त्यावर आईचाही फोटो लावायचा. नाही नेली तर? तर आम्ही दोघं भुकेले राहू, त्या म्हणाल्या. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

मग काय, मीही पदर खोचला. आदल्या आठवड्यात दोघींनी मिळून खिडक्या पुसल्या, दारावर लाल कागद चिकटवले. इथला वारा मेला ते उपटून काढायचा, आम्ही पुन्हा चिकटवायचो. आदल्या संध्याकाळी त्यांची चार ओळखीची माणसं येऊन कलिंगडाच्या बिया सोलत बसली. सणाच्या सकाळी त्यांच्या मंडळाची गाडी त्यांना सिंहाचा नाच बघायला घेऊन गेली. केल्विन लवकर आला तर दार उघड, म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या.

दार उघडून बघते तर हॉलभर बियांची टरफलं आणि फळीखाली उदबत्तीची राख. सणाचा दिवस, मुलगा येणार, आणि हा उकिरडा. आपल्याकडे लक्ष्मीपूजनानंतर पहाटे केर काढून अलक्ष्मीला घालवतात. माझी आई तर सूप वाजवत केराच्या मागून दारापर्यंत जायची. केरसुणी इथे झाडपाल्याची वस्तू म्हणून विमानतळावरच काढून घेतात, म्हणून प्लॅस्टिकचा झाडू घेतला, आणि फळीपासून दारापर्यंत एकूण एक कण बाहेर काढला. बिनमध्ये टाकला. आणि शाबासकीची वाट बघत बसले.

चुंगबाई आल्या आणि दारातच थांबल्या. कचरा कुठे आहे, विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात बिन दाखवली. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि हळूच लावलं. मग सांगितलं, की पहिल्या दिवशी झाडूला हात लावायचा नसतो. वर्षाचं भाग्य घरात आलेलं असतं, झाडलं की ते दाराबाहेर जातं. मला आधी का नाही सांगितलं, असं ओठांवर आलं होतं. पण तिन्हीसांजेला नखं काढू नका, असं आपण तरी पाहुण्याला आधी सांगून ठेवतो का? मी सॉरी म्हटलं, हजारदा म्हटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तेवढ्यात फोन वाजला. केल्विन होता. कामाचं काहीतरी निघालं, जमत नाही म्हणाला. चुंगबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता त्या स्वच्छ फरशीकडे बघत राहिल्या.

"तू त्याला बाहेर झाडून टाकलंस, विन," त्या म्हणाल्या.

मी घरी आले ती धुमसतच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. माझ्या झाडण्यानं सिडनीचं विमान अडतं होय? ओवीला फोनवर सांगितलं तर ती खोखो हसली. म्हणाली, आई, जस्ट से सॉरी ना. आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

चुंगबाई चहाला यायच्या बंद झाल्या. दारात दिसल्या तरी आत वळायच्या. मी सवयीनं दोन कप आधण ठेवायची, मग एकटीच दोन्ही प्यायची. डेअरीत दूध आणायला गेलं की काउंटरवरची पोरगी 'किया ओरा' असा इथला नमस्कार करायची, तेवढाच काय तो माणसाचा शब्द. वाईट वाटत होतं. एकटं वाटत होतं. आणि या वयात एका म्हातारीच्या रुसव्यानं रडू येतं, याचा पुन्हा वेगळा राग.

मग एका दुपारी केल्विनचाच फोन आला. अडीअडचणीला म्हणून त्याच्याकडे माझा नंबर असतो. आई तुटक बोलते, बरी आहे ना, असं विचारत होता. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. कसलं एवढं काम निघालं, तुझ्यापायी मी इथे बोलणी खाते, सगळं सुनावलं.

"आँटी, मी तिकीट काढलंच नव्हतं," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो आणि त्याची बायको चर्चला जायला लागलेत, बाप्तिस्माही घेतलाय. मेलेल्या माणसापुढे उदबत्ती धरून वाकणं त्यांच्या चर्चमध्ये चालत नाही, आणि आता त्याला स्वतःलाही ते पटत नाही. वाकता येत नाही आणि वाकणार नाही असं आईला सांगताही येत नाही. म्हणून दर वर्षी काम निघतं. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. आईला सांगू नका म्हणाला. मी कबूल केलं नाही.

खरं सांगते, मला त्याची दया आली नाही. मला आनंद झाला. मी सुटले होते. तशीच रबरी जँडल्स पायात सरकवून निघाले, म्हटलं, आता बघतेच कोण कुणाला झाडून टाकतं ते.

चुंगबाईंनी दार उघडलं. चेहरा ओढलेला. सण संपून गेला होता तरी फरशीवर नंतरच्या उदबत्त्यांची राख तशीच पडलेली, त्यांनी झाडूला हातच लावला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं.

"विन, तू झाडलं नसतंस तर तो आला असता. हो ना?"

इतक्या आशेनं कुणी माझ्याकडे बघितल्याला फार वर्षं झाली. खरं उत्तर जिभेवर होतं. ते दिलं असतं तर मी सुटले असते, आणि त्यांच्याजवळ उरला असता फक्त न आलेला मुलगा, न येणारा मुलगा. ओवी दिवाळीला येत नाही तेव्हा मी तिकिटांच्या भावाला बोल लावते, तिच्या साहेबाला लावते, आणि माझं मलाच ते पटत नाही. त्यांना बोल लावायला निदान मी तरी होते.

"हो," मी म्हटलं. "आला असता. माझंच चुकलं."

त्यांनी मनगट सोडलं. चेहरा सैल पडला. आत ये म्हणाल्या, चहा ठेवला, आणि पुढच्या वर्षी कोणता मासा आणायचा ते बोलायला लागल्या. केल्विनला कोणता आवडतो तेही सांगितलं.

मी चहा संपवला आणि विचारलं, की पहिल्या दिवशी आणखी काय काय करायचं नसतं? ही बाई शिकायला लागली, असं वाटून त्या खूश झाल्या. केस धुवायचे नाहीत, त्या म्हणाल्या. सुरी हातात घ्यायची नाही. भांडं फुटू द्यायचं नाही. मी सगळं नीट लक्षात ठेवत होते. पुढच्या वर्षीही केल्विनचं काम निघणार, म्हणजे मला त्यातलंच एखादं करावं लागणार होतं.