धाकटीला कुठं बसवायचं?

मित्रांनो, मी जुना लाकडी रहाटपाळणा. चार पाळण्यांचा, हातानं फिरवायचा. सध्या कराडजवळ नाथाजीच्या परड्यात पडून आहे आणि माझ्या पाळण्यांत कोंबड्या अंडी घालतात. त्याचं मला फारसं दुःख नाही. कोंबडी निदान स्वतःला झेपेल तिथंच बसते. माणसांना तेवढंही कळत नाही. जत्रेत आलेल्या आईबापांनी माझ्या डोक्याला जो ताप दिला, तो आज एकदाचा सांगून टाकतो.

माझा जन्म कराडातल्या एका सुताराच्या अंगणात झाला. खांब बाभळीचे, पाळणे सागवानी आणि मधला आस लोखंडी. मला गाडीवर चढवताना सुतारानं माझ्या मालकाला, म्हणजे नाथाजीला बजावलं होतं, "समोरासमोरच्या पाळण्यांत वजन सारखं ठेव. एकीकडं गर्दी आन् एकीकडं रिकामं असं केलंस, तर तुझा हात मोडंल आन् माझं नाव बी जाईल." नाथाजीनं ते कायम ध्यानात ठेवलं. कुणीही आलं की आधी तो माणसाकडं वरपासून खालपर्यंत बघायचा आणि मगच कुठं बसवायचं ते ठरवायचा.

नाथाजीजवळ मी एकटाच नव्हतो. माझ्या शेजारी लाकडी घोड्यांचं एक बसकं चक्र असायचं, लहान पोरांसाठी. म्हणजे मोठ्यांनी पाळण्यात बसावं आणि लहानांनी घोड्यावर, इतका सरळ हिशेब. पण सरळ हिशेबानं वागतील ती माणसं कसली!

खरसुंडीच्या जत्रेत धोंडुबाई नावाची एक बाई पोरांचं लटांबर घेऊन आली. थोरल्याला मिसरूड फुटलेली, धाकटं काखेत. म्हणाली, "समद्यास्नी एकाच पाळण्यात घाल. एकाला वर न्ह्यायचं आन् एकाला खाली ठेवायचं, असलं माज्या घरात चालत न्हाई."

"मावशी, ही पोरं हायती का पोती?" नाथाजी म्हणाला. पण बाई ऐकते कुठली. बरीच हुज्जत झाली आणि शेवटी सगळं उलटंच घडलं. मिसरूडवाला घोड्यावर बसला, त्याचे पाय भुईला घासत होते. काखेतलं पोर आईबरोबर माझ्या पाळण्यात आलं आणि वर गेल्या गेल्या ओकलं. ते धुतलं कुणी? नाथाजीनं. वास कुणाला आला? मला, पुढची जत्रा येईपर्यंत.

हे असं दर जत्रेत. हौस बापाची आणि रडं पोराचं. लेकराचा चेहरा पांढरा पडलेला असतो आणि बाप खालून ओरडत असतो, "बघ, कशी मज्जा येतीया." मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथं चार शब्द सुनावले असते.

पण एका माणसावर मी रागावलो आणि माझा राग मलाच गिळावा लागला. ती गोष्ट इंग्रजांच्या काळातल्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली आहे. पालीच्या खंडोबाच्या जत्रेत आम्ही उभे होतो. भंडाऱ्यानं माझे खांब पिवळे झाले होते. दुपारी पाटणकडचं एक कुटुंब बैलगाडी सोडून आमच्याकडं आलं. पुढं लालासाहेब, पलटणीतला शिपाई, अंगात खाकी सदरा. मागं त्याची बायको अंजना आणि तिच्या कडेवर धाकटी बनू. थोरली विजयमाला त्याच वर्षी लुगडं नेसायला लागलेली. तिची सोयरीक ठरली होती, त्यामुळं पाळण्यात बसायची लाज आणि बसायची हौस दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होती. मधला गुंडा तर आल्यापासून एकच धोशा लावून होता, "मला घोडा बी पायजे आन् पाळणा बी."

लालासाहेबानं नाथाजीला जरा बाजूला घेतलं. "गड्या, माजी रजा सरली. सांच्याला मसूरच्या ठेसनावर गाडी धरायची हाय. ही धाकटी मी पलटणीत गेल्यावर झाली. रजाभर मागं लागलो, पर पोरगी मला परकाच समजती. हात लावला की आईच्या पदरात शिरती. तिला एकदा मांडीवर घिऊन वर जायाचं हाय. तेवढं झालं म्हंजी मी सुखानं जातो."

नाथाजीनं पाळणा थांबवला.

"चला, समदे फालीन व्हा," लालासाहेबानं पलटणीतला 'रांगेत या'चा हुकूम सोडला. विजयमाला आणि गुंडा एका पाळण्यात चढले. त्यांना वर चढवून समोरचा पाळणा खाली आणला. लालासाहेब त्यात बसला आणि अंजनानं बनूला त्याच्या मांडीवर दिलं. मित्रांनो, त्या पोरीनं असा टाहो फोडला की पलीकडच्या ढोलवाल्यानं ढोल थांबवला. बापाच्या छातीवर दोन्ही पाय रोवून ती मागं रेटत होती.

मग तो उतरला आणि अंजना तिला घेऊन बसली. नाथाजीनं मला नुसतं बोटभर हलवलं, तर बनूचा श्वासच अडकला, ओठ निळे पडले. उतरवलं. मग तिला घोड्याकडं नेलं. घोड्याचे रंगवलेले दात बघून तिनं डोळे गच्च मिटले. गुंडा वरून ओरडत होता, "तिला ऱ्हाऊ द्या, आमाला फिरवा." विजयमाला त्याला चिमटे काढत होती. माझा आस करकरत होता, रांगेतली माणसं कुरकुरत होती. डोक्याला ताप म्हणतात तो हाच.

लालासाहेबाचा धीर सुटला, तो परत पाळण्यात जाऊन बसला. "शिपायाची पोर आन् लाकडाला भिती? द्या हिकडं. मी तशीच धरून बसतो. दोन फेऱ्यांत गप हुईल."

इथं माझं लाकूड पेटलं. अरे बाबा, तुझी गाडी संध्याकाळची आहे म्हणून त्या लेकरानं दुपारपर्यंत शूर व्हायचं का? तुला घाई आहे, तिला भीती आहे. पण माझं ऐकतो कोण?

नाथाजीनं मात्र पाळण्याचा दांडा धरून ठेवला. "न्हाई, दादा. रडतं पोर मी वर न्हेत न्हाई. राग आला तर येऊ द्या."

लालासाहेब खाली उतरला. त्याचं तोंड उतरलं होतं. मला अजूनही राग होता, पण त्या तोंडाकडं बघवेना.

आता वर दोन पोरं लटकलेली आणि समोरचा पाळणा रिकामा. नाथाजीनं नेहमीसारखं सगळ्यांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "दादा, तुमी आडदांड. मघाशी तुमच्या हौसेखातर बसवलं, पर तुमी बसला तर वरची पोरं हलकी पडत्याल. वैनी, तुमीच बसा."

"या बया, मी?" अंजना दचकली. "लोकं काय म्हंतील? आन् हिला कोन घेनार?"

तिथं बापाशिवाय होतंच कोण? लालासाहेब म्हणाला, "बस. मी धरतो. रडंल तर रडू दे, खाली हाय, पडायची न्हाई."

अंजना जन्मात कधी पाळण्यात बसली नव्हती. दातांत पदर धरून ती बसली. नाथाजीनं मला रेटा दिला आणि बनूच्या डोळ्यांदेखत आई आभाळाकडं निघाली. पोरीनं आकांत मांडला. घाबरलेलं लेकरू हाताला लागेल ते धरतं. हाताला बापाचा सदरा लागला, तो तिनं दोन्ही मुठींत धरला. लालासाहेब जागचा हलला नाही.

आणि आई खाली आली. अगदी जवळून, हसत. "बनू, कुक!" म्हणाली आणि पुन्हा वर गेली.

बनूचं रडं अर्ध्यात थांबलं. लालासाहेबानं हळूच बोट वर केलं. "ती बघ, गेली." मग बोट खाली. "आली बघ." पुन्हा, "गेली." पुन्हा, "आली." बनू आधी आईकडं बघत होती. मग ती बापाच्या बोटाकडं बघायला लागली. मग आई खाली यायच्या आधीच तिनं बापाच्या गालावर चापट मारली आणि म्हणाली, "आली."

वर विजयमाला लुगडं आणि सोयरीक विसरून किंचाळत होती. अंजनाचा पदर सुटून उडत होता. लोक काय म्हणतील ते लोकांनाच ठाऊक. नाथाजी नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या फिरवत राहिला आणि माझी त्याला काही हरकत नव्हती.

मी थांबलो. अंजना उतरली. तिला घेरी आली होती. खांबाला धरून तिनं हात पुढं केले. "ये."

बनूनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बापाच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजून."

लालासाहेबानं बायकोकडं नुसतं बघितलं. अंजना पांढरीफटक पडली होती. तरी पदर खोचून ती मुकाट्यानं परत पाळण्यात बसली.

लढाई संपली. त्या कुटुंबाची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. लालासाहेब परत आला का, हे मला माहीत नाही आणि कुणाला विचारायची सोयही नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, पोरंबाळं घेऊन जत्रेला जाल. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या आसाला तेल घाला, फळ्या निखळल्या असतील तर ठोकून घ्या, एवढं तर कराच. पण त्याआधी लेकराचं तोंड बघा. थोरल्याला घोड्यावर कोंबू नका आणि धाकट्याला आभाळात ढकलू नका. ज्याला भीती वाटते त्याला खाली राहू द्या, पण एकटं ठेवू नका. कुणीतरी त्याला कडेवर घेऊन उभं राहा. आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाला आणखी एकदा वर बसावं लागलं, तर त्यानं कुरकुर न करता बसावं.