कान्हूला गोल्फ खेळवायचं म्हणजे

प्रणितने बापाला गोल्फ खेळवायचं ठरवलं तेव्हा गडब गावात कोणी त्याला हसलं नाही, कारण त्याने ते कोणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं फक्त बायकोला. मृणाली भाकऱ्या करत होती. ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग नवऱ्याचं तोंड बघून तिचं हसू आपोआप आटलं.

"खरंच बोलतंस काय तू?"

"खरंच."

ती पुन्हा भाकऱ्यांकडे वळली. तीन पाळ्यांत वाटल्या गेलेल्या माणसाशी वाद घालायला वेळ तरी कुठे असतो? प्रणित डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटी फिटर होता. दर आठवड्याला पाळी बदलायची, आणि अंगाला जरा कुठे सवय होतेय तोच पुन्हा बदलायची. घरी आला की तो बसल्या जागी डुलक्या काढायचा. अशा माणसाने गोल्फची सहल आखायला घ्यावी म्हणजे जरा अतीच होतं. पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं.

शिरलं होतं ते नववीत असताना. त्याचा बाप कान्हू तेव्हा रोह्याच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत माळी होता. ती कंपनी कधीच बंद पडली, कॉलनीत आता झुडपं माजलीत. पण त्या काळी साहेबलोकांसाठी तिथे सहा होलचं छोटं गोल्फचं मैदान होतं आणि ते कान्हूच्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे गवत कापणं, पाणी मारणं, झेंडे लावणं. बावीस वर्षं. एकदा प्रणित डबा घेऊन गेला तर मैदानात कान्हू एकटाच होता. कोणाची तरी स्टिक बाकाला टेकून राहिली होती. कान्हूने ती उचलली, पोराकडे बघून डोळा मिचकावला आणि दोन्ही हातांनी धरून ऐटीत उभा राहिला. एवढ्यात मागून एक पोरगेलासा साहेब आला. "ए, ठेव ती," इतकंच म्हणाला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. कान्हूने स्टिक ठेवली, हात पँटला पुसले आणि डबा घेतला. त्यावर बापलेकांत तेव्हा शब्द झाला नाही, नंतरही कधी नाही. प्रणितला मात्र तो साहेब अजून बोचत होता.

आता कान्हू अडुसष्टचा. त्याचा उजवा हात कापायला लागला होता, कपबशी हातात घेतली की वाजायची. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे थांबायचं नाही, गोळ्यांनी जरा सावकाश वाढेल इतकंच. परतताना एसटीत प्रणितने ठरवून टाकलं. हात पुरता जायच्या आत बापाने एकदा तरी खेळायचं, आणि ते पाहुणा म्हणून. जिथे त्याला कोणी "ठेव" म्हणणार नाही अशा ठिकाणी.

ठरवणं सोपं होतं. पुढे सुरू झाली ती कटकट. पाळी सुटल्यावर, डोळे मिटत असताना, प्रणित फोनवर मैदानं शोधायचा. काही फक्त सभासदांसाठी. काहींत एका दिवसाचे जे पैसे मागायचे त्यात घराचे पत्रे बदलून झाले असते. एका ठिकाणच्या बाईंनी त्याला इंग्रजीत विचारलं की तुमचा हँडिकॅप किती. त्याने बापाच्या हाताबद्दल सगळं सविस्तर सांगितलं. तिकडून फोन कट झाला. खेळातल्या कसबाचा आकडा असतो तो, हे त्याला नंतर कळलं, आणि त्या रात्रपाळीत तो स्वतःशीच चरफडत राहिला.

शेवटी मुरूडच्या पलीकडे, समुद्राच्या कडेला, एक नऊ होलचं मैदान सापडलं. फारसं कोणी फिरकत नसे तिकडे. एप्रिलच्या उन्हात शहाणा माणूस गोल्फ खेळत नाही, म्हणून त्या महिन्यात दर उतरलेले. त्यातही मंगळवारी आणखी कमी. स्टिक आणि बूट भाड्याने मिळणार होते. राहायला मृणालीची बायजामावशी रोह्यात होतीच. कासू स्टेशनवरून गाडीने रोहा, मावशीकडे मुक्काम, सकाळी मावशीच्या पोराच्या, साईराजच्या इको गाडीतून केळघरचा घाट उतरून समुद्र. जेवण घरचं. इतकी बारीक आखणी त्याने स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती.

पहिला मंगळवार कंपनीत शटडाउन निघाला म्हणून गेला. दुसरा, पाळीतल्या जोडीदाराला ताप आला म्हणून. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी कान्हूच कंबर धरून बसला. दर वेळी प्रणित मैदानवाल्यांना फोन करून गयावया करायचा, बायजामावशीला कळवायचा, साईराजची मनधरणी करायचा. चौथ्या खेपेला त्याला वाटलं, जाऊ दे, मरू दे ते. पण त्याच संध्याकाळी कान्हूने शर्टाची गुंडी लावता लावता सोडून दिली आणि त्याच्या बायकोने, ठमाबाईने, ती लावली. आईची बोटं बघून प्रणितने पुन्हा फोन उचलला.

मग त्याने कान्हूला सांगितलं.

"मी खेलू?"

"तूच खेलाचा. मी नुसता संगती येनार."

"बरा," कान्हू म्हणाला. त्या 'बरा'मध्ये आनंद होता की नव्हता, हे प्रणितने तेव्हा नीट ऐकलंच नाही. त्याला होकार हवा होता, तो मिळाला.

मंगळवारी सकाळी आठला ते मैदानावर पोचले. ठमाबाईने कडक इस्त्री करून दिलेला कॉलरचा शर्ट, खाली भाड्याचे बूट. कान्हू बुटांत शिरायला तयार नव्हता. गवतावर चपला घालून जायची त्याला सवयच नव्हती. पण मॅनेजर म्हणाला नियम आहे, आणि कान्हूने नियम म्हटल्यावर मुकाट्याने पाय घातले. समुद्रावरून गरम वारा येत होता. चिटपाखरू नव्हतं. प्रणितला वाटलं, आलो बाबा एकदाचे.

"मार," तो म्हणाला.

कान्हू चेंडूपाशी गेला आणि खाली बसला. गुडघे टेकून, चांगला ऐसपैस. आदल्या दिवशीच्या कोणा खेळणाऱ्याच्या फटक्याने गवताची एक खपली उडून पडली होती. कान्हूने ती शोधली, उलटी होती ती सुलटी केली, खड्ड्यात बसवली, मुठीने दाबली. मग उठला, दोन पावलं चालला आणि पुन्हा बसला. तिथे दुसरी होती.

"बाबा, काय करतंस?"

"मूळ इतका उगरा ठेवलाय. सुकून जाल ना."

हे कान्हूच्या हाडातच होतं. माळी व्हायच्या आधी तो मिठागरात होता. तिथे मिठाच्या कोंडीचा, म्हणजे वाफ्याचा, तळ अनवाणी पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत करतात, आणि त्यात कुठे पायाचा खड्डा राहिला की तिथला चिखल मिठात उतरतो. म्हणून रीत अशी की खड्डा कोणी का पाडला असेना, ज्याच्या नजरेला तो आधी पडेल त्याने जागच्या जागी बुजवायचा. पुढे माणूस बोलवायचा नाही, उद्यावर टाकायचा नाही. कान्हूला खड्डा ओलांडून जाताच येत नसे. आणि या मैदानावर खपल्यांचा नुसता सडा पडला होता.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. चेंडू जागचा हलला नव्हता. प्रणितला आदल्या पाळीची झोप डोळ्यांत खुपत होती आणि आता त्यात राग मिसळला. चार महिने त्याने ज्यासाठी जीव काढला तो माणूस इथेही मातीच थापत बसला होता.

"बाबा, तू पावना हायस इथं!" तो ओरडला. "ह्ये काम तुजा नाय!"

त्याचा आवाज ऐकून झाडाखालून एक म्हातारा धावत आला. खाकी शर्ट, हातात विळा. इथला माळी, शिवा. कान्हू गुडघ्यांवर बसलेला बघून तो जागीच थबकला, आणि मग त्याने चक्क हात जोडले.

"साहेब, चूक झाली. कालच करायचं होतं, पाणी आलं नव्हतं म्हणून राहिलं. तुम्ही उठा, साहेब. मी करतो. मॅनेजरसाहेबांना नका सांगू."

कान्हूने मागे वळून बघितलं. साहेब कोणाला म्हणतोय हे त्याला कळायला वेळ लागला. कळलं तसा त्याचा चेहरा पडला. तो उठायला गेला, धडपडला, शिवाने हात दिला आणि तो मातीचा हात पटकन मागे घेऊन "माफ करा" म्हणाला.

"नाय रं," कान्हू म्हणाला. "मी कनाचा सायेब? मी पन..." आणि तो थांबला. मैदानाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात मॅनेजर उभा राहून इकडेच बघत होता. पाहुणा गुडघ्यावर बसून खपल्या बसवतोय म्हणजे आज शिवाची काही धडगत नव्हती, हे कान्हूइतकं कोणाला कळणार? त्याने मॅनेजरकडे बघितलं, शिवाकडे बघितलं. मग गुडघे झटकले, कडक इस्त्रीच्या कॉलरवरून हात फिरवला आणि जरा मोठ्याने, मॅनेजरला ऐकू जाईल असं म्हणाला, "मैदान लय चांगला ठेवलाय. फस्क्लास. आन रं ती स्टिक, प्रणित."

आणि कान्हू खेळला.

पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याने गवताची खपली उडाली, तिच्याकडे त्याची नजर गेली, पण तो वाकला नाही. शिवा मागून येऊन ती बसवत होता, आणि कान्हू त्याच्याकडे न बघता पुढे चालत होता. हात कापायचा, चेंडू वाकडा जायचा, कान्हू त्याच्यामागे जायचा. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं. बुटांनी टाचेला फोड आणला. पाचव्या होलपाशी प्रणित म्हणाला, "बास कर आता." कान्हूने मान हलवली. व्हरांड्यात अजून मॅनेजर उभा होता. नऊच्या नऊ होल त्याने पुरी केली, एकही न चुकवता. जाताना मॅनेजरला भेटून शिवाचं पुन्हा एकदा कौतुक केलं. मॅनेजरने हात मिळवला आणि विचारलं, "कसं वाटलं, सर?" कान्हू म्हणाला, "झकास."

घाट चढताना साईराजने गाणी लावली होती ती प्रणितने बंद करायला सांगितली. कान्हूने बूट परत केले होते, पाय उघडे टाकून तो मागे रेलला होता. त्याचा हात आता मांडीवर ठेवला तरी थरथरत होता. प्रणितला आरशातून तो दिसत होता, आणि ते बसणं त्याला चांगलंच ओळखू येत होतं. पाळी सुटल्यावर बसमध्ये डोलवीची माणसं अशीच बसतात. आपण बापाला सहलीला नेलं नाही, आणखी एक दिवस कामाला लावलं, हे त्याला लख्ख दिसलं.

"पोरा," कान्हू डोळे मिटूनच म्हणाला.

"काय?"

"तुना बरा वाटला ना?"

प्रणितने बाहेर बघितलं. चार महिने तो हाच प्रश्न बापाला विचारायची वाट बघत होता.

"व्हय बाबा," तो म्हणाला. "मना लय बरा वाटला."

"मंग जाला," कान्हू म्हणाला, आणि रोहा येईपर्यंत गाढ झोपला.