तिसऱ्या कडव्याआधीची करकर

मी एक जुना दरवाजा आहे. साधासुधा नव्हे, मित्रांनो. जिथे गाणी ध्वनिमुद्रित होतात त्या खोलीचा. जाडजूड, पोटात कापूस भरलेला. भिंतींना कान असतात म्हणतात. मला तोंडही आहे, पण उभ्या आयुष्यात मी ते एकदाच उघडले.

मला घडवले त्याच जागी नोकरीला असलेल्या एका अबोल सुताराने. रोज सकाळी तो कोंबडीच्या पिसाने माझ्या बिजागऱ्यांना तेल लावी, मला तीनदा उघडून मिटून कान देई आणि म्हणे, "आता बोलून दाखव." मी गप्प. एकदा माझ्यातून मांजर आत गेले, ते त्याचे त्यालाही कळले नाही. खोटे वाटत असेल तर मांजराला विचारा.

सुताराची लेक तिथेच इतर गायिकांच्या मागे उभी राहून सूर धरी. बारा वर्षांनी तिला एकटीचे गाणे मिळाले, आणि नेमका तेव्हा बाप दवाखान्यात. आठ दिवस मला तेल नाही. येणारेजाणारे मला धाडकन ढकलत, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. मी करकरतो तो हळू उघडले तरच.

लाल दिवा लागला. गाणे रंगले. तिसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्ये थांबली, तिने श्वास घेतला, आणि मी करकरलो. चांगला लांबलचक.

दारात सुतार उभा होता, दवाखान्याच्याच कपड्यांत. दिवा लाल असताना आत यायचे नाही, हे त्यानेच सगळ्यांना बजावलेले. पण आपल्या हातच्या दारावर त्याचा भरवसा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, ती नजर अजून माझ्या लाकडात रुतली आहे.

ती मात्र शेवटपर्यंत गायली. ध्वनिमुद्रण करणारे काका म्हणाले, पुन्हा घेऊ. सुतार खाली मान घालून पुटपुटला, "पोरी, माझ्यामुळे नासलं गं."

"नासलं कुठे, बाबा? तुम्ही आलात, ते गाण्यात आलं. काका, ते पुसायचं नाही."

चार दिवसांनी तो गेला. गाणे घरोघरी पोचले. कोणी म्हणे, ती करकर म्हणजे सोडून चाललेला प्रियकर. कोणी म्हणे, शवपेटीचे झाकण. एका विद्वानाने तर माझ्यावर अकरा पाने लिहिली, मला न विचारता. कोणीतरी जात आहे, यावर मात्र सगळ्यांचे एकमत.

मित्रांनो, तेव्हा कोणी जात नव्हते. कोणीतरी येत होते.

आता ती गायला आली की आधी तेलाची वाटी आणि पीस काढते. मला तीनदा उघडते, मिटते, कान देते. मी गप्प राहतो. बापाची शिस्त आहे.

तुमच्याही दाराला वेळेवर तेल घाला. पण कधी ते करकरलेच, तर आधी मान वळवून बघा, कोण आले आहे ते.