माझ्या विम्याची गोष्ट

मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. वय वर्षे एकशे बारा. तरी बसून खात नाही, मित्रांनो. अजूनही सहा डबे ओढत घाट चढते. माझे नाव सेरेन. आमच्या वेल्श भाषेत सेरेन म्हणजे तारा.

लीड्सच्या कारखान्यात मी घडले आणि इथे वेल्सच्या डोंगरात आले. पन्नास वर्षे छपराच्या काळ्या फरश्या खाणीतून बंदरावर पोचवल्या. लोक माझ्या शिटीवर घड्याळे लावत. मग खाण बंद पडली. मला आडबाजूला ढकलून दिले. माझ्या धुराड्यातून काटेरी वेल बाहेर आली, पोटाखाली मेंढ्या बसू लागल्या. तेव्हा गावातल्या डझनभर माणसांनी, कुणाचा एक पैसा न घेता, मला पुन्हा उभे केले. त्यांतली नेस्टा माझा बॉयलर सांभाळते. सत्तरीची आहे, पण माझ्या भट्टीच्या एवढ्याशा दारातून अजून सरपटत आत शिरते.

दोन वर्षांपूर्वी विमा कंपनीचे पत्र आले. हप्ता एकदम तिप्पट! माझ्या ठिणगीने गवत पेटेल, बॉयलर फुटेल, अशी त्यांना भीती. विम्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पलीकडच्या खोऱ्यातले इंजिन तर याच कारणाने बागेत नेऊन ठेवले होते. पोरे त्याच्यावर चढून फोटो काढत. मला तो फोटो नको होता.

आमच्या रेल्वेचे अध्यक्ष एमरिस, गावचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी अकरा लहान रेल्वेंना एकत्र केले आणि सगळ्यांचा मिळून एकच विमा मागितला. कंपनी म्हणाली, "तुमच्यातले सर्वांत जुने इंजिन आधी तपासू. ते नापास, तर सगळेच नापास."

सर्वांत जुनी मीच होते.

तपासणीच्या सकाळी नेस्टा भट्टीत शिरली. आतल्या पत्र्यांना धरून ठेवणारे चारशे बोल्ट आहेत. ती एकेकावर हातोडी मारत ऐकत होती. टण्, टण्, टण्... आणि एक बोल्ट बद्द वाजला. मला ते ठाऊक होते, पण मला बोलता कुठे येते?

तिने खडूने त्याच्याभोवती गोल काढला आणि बाहेर आली.

"मास्तर, एक तडकलाय."

एमरिस पांढरेफटक पडले. "चारशेत एक! त्या तपासनिसाला काय कळतंय? आज पास होऊ दे, उद्या बदल की."

"वर्गात कॉपी पकडली की छडी कोण मारायचं हो?"

"अगं, अकरा गावांचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच. उद्या ह्याच गाडीत पोरं बसणारेत."

तेवढ्यात विमा कंपनीचे तपासनीस ट्रेव्हेल्यनसाहेब आले. त्यांनी कोट काढायच्या आतच नेस्टा म्हणाली, "साहेब, एक बोल्ट खराब आहे. खूण केलीय. आता बाकीचे तुम्ही बघा."

साहेब कोट काढून आत शिरले. तीन तास त्यांची हातोडी वाजत होती. मास्तर फलाटावर येरझाऱ्या घालत होते. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे फक्त डोळे पांढरे होते.

"दुसरा एकही नाही," ते म्हणाले. "तुम्ही गप्प बसला असतात ना बाई, तरी तो मला सापडलाच असता. मग बाकीच्या तीनशे नव्व्याण्णवांवरही माझा विश्वास बसला नसता."

मग त्यांनी नेस्टाची दुरुस्तीची वही मागितली. वीस वर्षांचा प्रत्येक खिळा तिच्यात नोंदलेला होता. "अकराही रेल्वेंनी अशी वही ठेवली, तर विमा देण्याची शिफारस मी स्वतः करीन. आणि जुन्याच हप्त्यात."

एमरिस मास्तरांनी चष्मा पुसला. "नेस्टा, तुझ्यापुढे हात टेकले."

"टेकू नका, काळे होतील. बोल्ट आणून द्या."

बोल्ट बदलला, साहेब पुन्हा येऊन तपासून गेले, कागदावर शिक्का बसला. त्या शनिवारी अकराही रेल्वेंची माणसे आमच्या फलाटावर जमली. बँड वाजत होता, तव्यावरच्या मनुकांच्या गोड चकत्या वाटल्या जात होत्या. साहेब स्वतः फावडे घेऊन माझ्या भट्टीत कोळसा टाकत होते, निम्मा बुटांवर सांडत होते. घाटाच्या चढावर पूर्वी मी धापा टाकायचे. त्या दिवशी डबे नेहमीपेक्षा दोन जास्त होते, तरी एकदाही थांबले नाही. माथ्यावर पोचून अशी शिटी दिली, की खालच्या कुरणातल्या मेंढ्यांनी चरायचे सोडून माना वर केल्या!

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा. पण नुसते तेलपाणी आणि रंग म्हणजे माया नव्हे. त्यांचे दुखणे शोधा, आणि सापडले की चारचौघांत सांगायला लाजू नका. जिचे दुखणे वेळेवर सांगितले जाते, ती म्हातारी फार वर्षे घाट चढते.